पिस्तुलाचें नवें म्यान

म्यान म्हटलें कीं श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर तलवार उभी राहते. ‘एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत’ ही म्हण ज्या भाषेंत रुजली, त्या भाषेंत हें स्वाभाविकच होय. तलवारीचे दिवस गेले, पिस्तूल आलें. परंतु शस्त्राला घर हवें ही गरज कांहीं गेली नाहीं. इंग्रजींत ज्याला होल्स्टर म्हणतात, तें कमरेच्या पट्ट्याला अडकवावयाचें चामडी घर म्हणजे पिस्तुलाचें म्यानच. पोलिस अधिकारी, खजिन्याचे रक्षक, सैन्यांतून निवृत्त झालेले परवानाधारक, अशा थोड्याच लोकांच्या कमरेला तें असतें हें खरें; तथापि ज्या घरांत तें असतें, त्या घरांतील बायकामुलांचा सुद्धां त्याच्याशीं संबंध येतो. म्हणून नव्या म्यानाला वळण कसें लावावें, आणि रत्नागिरीसारख्या समुद्रकांठच्या दमट गांवीं तें कसें सांभाळावें, हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

नवें म्यान घट्ट असतें. पिस्तूल आंत सारतांना जोर लागतो आणि बाहेर काढतांना त्याहूनही अधिक लागतो. समजा, नाशिकच्या पोलिस प्रबोधिनींतून शिक्षण पुरें करून एक तरुण फौजदार रत्नागिरीस रुजू झाला आहे. त्यानें स्वतःच्या पैशानें नवें चामड्याचें म्यान घेतलें आणि पहिल्याच दिवशीं तें त्याला जाचूं लागलें. असा फौजदार बाजारांतल्या एखाद्या वृद्ध चर्मकाराकडे जाऊन म्हणेल, “काका, जरा तेल पाजून हें सैल करून द्या.” आणि तो वृद्ध कारागीर जाणता असेल तर उत्तर देईल, “साहेब, चप्पल असती तर आत्तां पाजलं असतं. पण ह्याचं काम वेगळं. ह्याला तेल पाजलंत, तर आज सुख वाटेल आणि पुढल्या वर्षीं हें तुमचं हत्यार धरायचं नाहीं.”

या उत्तरांत विषयाचें मर्म आहे. कोल्हापुरी चप्पल नवी असतांना पायाला चावते, अंगठ्याजवळ फोड आणते, हा अनुभव महाराष्ट्रांत घरोघरीं आहे. तिला खोबरेल किंवा करंजेल पाजावें, चार दिवस घरांतल्या घरांत घालावी, म्हणजे ती नरम येते. हा उपाय चपलेला योग्यच आहे. कारण पाऊल वांकतें आणि त्याच्याबरोबर चामड्यानेंही वांकावें अशी अपेक्षा असते. पिस्तूल मात्र लोखंडाचें. तें वांकत नाहीं, वाढत नाहीं, दुखल्याची तक्रारही करीत नाहीं. तेथें चामड्यानें मऊ होण्याचें कारण नाहीं. त्यानें त्या पिस्तुलाचा आकार तेवढा नेमका शिकावा आणि शिकलेला विसरूं नये. मऊ करणें निराळें आणि वळण लावणें निराळें. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे चांगलें म्यान फुकट जातें, आणि प्रसंगीं त्याहून मोठें नुकसान होतें.

हा भेद समजण्यासाठीं चामडें म्हणजे काय तें थोडें पाहिलें पाहिजे. जनावराचें कातडें हें अतिसूक्ष्म तंतूंचें विणकाम असतें. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें, आणि वाळलें तर लाकडासारखें ताठ होतें. म्हणून तें कमवावें लागतें. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांतील तुरट द्रव्य पाण्यांत उतरवून त्यांत कातडें कित्येक दिवस भिजत ठेवलें, म्हणजे तें द्रव्य तंतूंना घट्ट धरून बसतें आणि कातड्याचें चामडें होतें. हिरडा चघळला असतां ज्या गुणामुळें तोंड आखडतें, तोच हा गुण होय. दुसरी रीत क्रोमियम नांवाच्या धातूच्या क्षारांची. १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यांनीं तिचें पेटंट मिळविलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या खटपटीनें ती मद्रास इलाख्यांत रुजली. क्रोमचें चामडें लवकर तयार होतें, मऊ असतें आणि पाण्यालाही बरें टिकतें. बुटांचा वरचा भाग, हातमोजे यांना तें उत्तम. परंतु दिलेला आकार तें नीट धरून ठेवीत नाहीं. झाडाच्या सालीनें कमावलेलें जाड चामडें ओलसर असतां हवा तो आकार घेतें आणि वाळल्यावर तो सहसा सोडीत नाहीं. म्हणूनच पिस्तुलाचें चांगलें म्यान या दुसऱ्या जातीच्या चामड्याचें करतात.

कारागीर तें चामडें मापानें कापतो, शिवतो, किंचित् ओलें करतो, त्यांत पिस्तुलाच्या आकाराचा भरीव नमुना बसवितो आणि बोटांनीं व गुळगुळीत पट्टीनें दाबून नळीची कड, चापाभोंवतालची कडी असे एकेक उंचवटे चामड्यावर उठवितो. मग तें सावलींत वाळूं देतो. याचा अर्थ असा कीं, म्यान विकत घेणाऱ्याच्या हातीं पडतें तेव्हां त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग उरकलेला असतो. उरतो तो केंसभर. याच कारणानें एका जातीच्या पिस्तुलाचें म्यान दुसऱ्याला चालवून घेण्याचा मोह टाळावा. रिव्हॉल्वरच्या गोल चक्रासाठीं घडविलेलें घर चपट्या पिस्तुलाला कितीही दाबलें तरी बसावयाचें नाहीं.

आतां, चामडें ताठच राहावें हा आग्रह कशासाठीं? सॅम ब्राउन या घोडदळाच्या अधिकाऱ्याची हकीकत येथें उपयोगी पडेल. १८५८ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील एका चकमकींत या अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. तलवार उपसतांना म्यान डाव्या हातानें धरावें लागतें. तो हातच गेल्यावर म्यान हलूं लागलें. तेव्हां त्यांनीं रुंद कमरपट्टा आणि त्याला तोलून धरणारा, खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा अशी रचना योजिली. तीमुळें तलवारीचें म्यान आणि पिस्तुलाचें घर हीं दोन्ही एका जागीं स्थिर राहूं लागलीं. पोलिस अधिकाऱ्यांच्या गणवेषांतला तो तिरपा पट्टा आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. या हकीकतींतला धडा एवढाच कीं, ज्याला दुसरा हात मोकळा नाहीं त्यालाही एका हातानें, न पाहतां, शस्त्र काढतां आणि परत ठेवतां आलें पाहिजे. गर्दी आवरणाऱ्या पोलिसाचा दुसरा हात कधींच मोकळा नसतो. पिस्तूल काढल्यावरही म्यानाचें तोंड उघडें राहिलें तरच हें साधतें.

मऊ पडलेल्या म्यानाचें तोंड मिटतें. पिस्तूल परत ठेवतांना तें मिटलेलें तोंड आंत दुमडतें, त्याची घडी चापाच्या कडींत शिरते, आणि माणूस वरून दाबतो तेव्हां ती घडीच बोटाचें काम करते. अशा रीतीनें कमरेलाच गोळी सुटल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत. बोट चापापासून दूर, शस्त्र निर्दोष, दोष केवळ झिजलेल्या चामड्याचा. अति घट्ट म्यानही निर्धोक नसतें. त्यांतून पिस्तूल हिसडा देऊन काढावें लागतें, आणि हिसडा देणारा हात मुठीवरून घसरून नको तेथें जातो. तेव्हां म्यान सैल नसावें आणि हट्टीही नसावें. या दोहोंमधली जागा गांठणें म्हणजेच त्याला वळण लावणें.

तें कसें लावावें? प्रथम पिस्तूल रिकामें करावें. मॅगझिन काढावें, नळीच्या मागचें घर उघडून डोळ्यांनीं पाहावें आणि बोटानें चांचपावें. रिव्हॉल्वर असेल तर चक्र उघडून प्रत्येक घर रिकामें असल्याची खात्री करावी. काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलपांत ठेवावींत. हें सर्व एकदां झाल्यावर पुन्हां एकदां करावें. शाळेंतल्या मुलाला बेरीज उलट बाजूनें ताडून पाहावयास लावतात, तसाच हा नियम आहे, आणि त्याला अपवाद नाहीं.

मग त्या रिकाम्या पिस्तुलाला मेणकागदाची किंवा अगदीं पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची एकच घडी गुंडाळावी. या घडीनें पिस्तुलाची जाडी केंसभर वाढते, आणि तेवढीच जागा नव्या म्यानांत हवी असते. जाड फडकें गुंडाळूं नये; तें जास्त ताणतें, आणि एकदां ताणलेलें चामडें सहसा मागें येत नाहीं. गुंडाळलेलें पिस्तूल सरळ रेषेंत, न पिळतां, पुरतें आंत बसवावें आणि एक रात्र तसेंच राहूं द्यावें. सकाळीं तें काढून, कागद दूर करून, पुन्हां बसवून पाहावें. अजून अडत असेल तर दुसऱ्या रात्रीं तीच कृति करावी. बहुधा एकदोन रात्रींत काम होतें. त्यानंतर रिकाम्या पिस्तुलानेंच, बोट चापाच्या बाहेर सरळ ठेवून, सावकाश काढण्याचा आणि ठेवण्याचा सराव रोज थोडा थोडा करावा. या सरावानें चामड्याबरोबर हातालाही वळण लागतें.

पुरें झालें हें कशावरून ओळखावें? गादीवर बसून, वरचा बंद सोडून, रिकाम्या पिस्तुलासह म्यान उलटें धरावें. पिस्तूल खालीं पडूं नये. पण मुठीला धरून सरळ ओढतांच एका दमांत बाहेर यावें. तें बाहेर आल्यावर म्यानाचें तोंड उघडें असावें. पिस्तूल आंत असतांना चाप पूर्णपणें झांकलेला असावा आणि मूठ मात्र सबंध हातांत येण्याइतकी मोकळी असावी. या चार गोष्टी जुळल्या कीं थांबावें. पुढचें शिक्षण रोजच्या वापरानें आपोआप होतें.

टाळावयाच्या गोष्टीही चारच आहेत. तेल पाजूं नये. गाईबैलांच्या पायांच्या हाडांचें विलायती तेल असो, कीं कोंकणांतलें खोबरेल, करंजेल असो, तंतूंमध्यें शिरून तें त्यांना एकमेकांवरून घसरावयास लावतें. मऊपणा येतो तो याचमुळें, आणि पिस्तुलावरची पकड जाते तीही याचमुळें. पाण्यांत बुडवूं नये; कारागिरानें उठविलेला आकार त्यानें पुसट होतो. चुलीजवळ किंवा कडक उन्हांत वाळवूं नये. वरचा थर आधीं आकसतो आणि भेगा पडतात. आणि ठोकूं, पिळूं, वांकवूं नये. बाहेरून मेणाचें साधें पॉलिश फडक्यानें पुसट लावण्यास हरकत नाहीं.

येथवर जें सांगितलें तें कोणत्याही गांवीं लागू आहे. रत्नागिरीची गोष्ट याच्या पुढची. या शहरीं वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या दिवसांत हवेंत इतका ओलावा असतो कीं बरणींतलें मीठ पाझरतें, पापड सादळतात, आणि कपाटांतल्या पुस्तकांना कुबट वास येतो. चामडें हा ओलावा शोषून घेतें. मांडवीच्या धक्क्यावर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्याच्या पट्ट्यावर समुद्राचे खारे तुषारही बसतात. तेथें मीठ साठतें, आणि बरणींतल्या मिठाप्रमाणेंच तें हवेंतलें पाणी ओढून घेत राहतें. वरून कोरडें दिसणारें म्यान अशा वेळीं आंतून ओलसर असतें.

या ओलसर घरांत पोलाद दिवसेंदिवस ठेवलें तर काय व्हावयाचें तें होतेंच. पाणी, मीठ आणि चामड्यांतलें तुरट आम्ल द्रव्य या तिघांच्या संगतींत लोखंडाला गंज चढतो. आणि तो बाहेर नव्हे, तर चामडें जेथें घट्ट चिकटलेलें असतें नेमका तेथें चढतो. म्हणजे म्यान जितकें नेटकें बसणारें, तितका धोका अधिक. पट्ट्यावरील चामडी कप्प्यांत ठेवलेल्या काडतुसांचीही तीच गत होते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चामड्यांतल्या आम्लानें काडतुसाच्या पितळेवर तसाच हिरवा थर धरतो. असें काडतूस नळींत अडकतें, किंवा ऐन वेळीं दगा देतें. एवंच, म्यान हें शस्त्र वाहून नेण्याचें साधन आहे. तें त्याचें कायमचें बिऱ्हाड नव्हे. वळण लावण्याच्या एकदोन रात्री सोडल्या तर पिस्तुलाला म्यानांत रात्र काढूं देऊं नये. आणि त्या एकदोन रात्रीही शक्य तर माघ-फाल्गुनांतल्या कोरड्या हवेंत निवडाव्यात.

कामावरून परत आल्यावर पिस्तूल म्यानांतून काढून रिकामें करावें, कोरड्या फडक्यानें पुसावें, त्यावर शस्त्राच्या तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. म्हणजे तेल हवें तें पोलादाला, चामड्याला नको. म्यान निराळें, हवेशीर जागीं, सावलींत टांगावें; पेटींत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करूं नये. बुरशी दिसली तर तें बाहेर ओटीवर नेऊन कोरड्या ब्रशानें झाडावें, मग ओलसर फडक्यानें पुसून पुन्हां सावलींत वाळवावें. पावसांत अगदीं भिजलें असेल तर त्यांत चुरगळलेला कोरा कागद भरून ठेवावा. कागद पाणी पितो आणि तोंडाचा आकारही राखतो. छापील वर्तमानपत्र भरूं नये, त्याची शाई उतरते.

या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे. म्यानांत पिस्तूल नाहीं हा ज्या घराचा नियम असतो, त्या घरांत खुंटीवर टांगलेल्या म्यानांतून भरलेलें शस्त्र एखाद्या मुलाच्या हातीं लागत नाहीं. शस्त्र कुलपांत, काडतुसें निराळ्या कुलपांत आणि म्यान खुंटीवर, अशी त्रिस्थळी विभागणी ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें मिळालेला परवाना हा एका व्यक्तीच्या नांवें असतो. घरांतल्या इतरांचें कुतूहल त्यांत येत नाहीं. निवृत्त सैनिकांची घरें रत्नागिरी जिल्ह्यांत पुष्कळ आहेत, आणि जेथें परवान्याचें शस्त्र असेल तेथें ही शिस्त बहुधा त्या सैनिकाच्या अंगवळणीं पडलेलीच असते. ती सुनेला आणि नातवंडांनाही सांगून ठेवणें तेवढें उरतें.

कोणी विचारील कीं, एवढा व्याप करण्यापेक्षां साच्यांतून काढलेलें टणक प्लॅस्टिकचें म्यान कां घेऊं नये? ही शंका रास्त आहे. त्याला वळण लावावें लागत नाहीं, पाणी बाधत नाहीं, बुरशी क्वचितच धरते. जगांतील अनेक पोलिस दलांनीं याच कारणास्तव चामडें सोडलें. कोंकणच्या पावसांत रोज भिजणाऱ्या माणसानें तें घेतलें तर त्याला कोणीं नांवें ठेवूं नयेत. मात्र त्यांतही ओलें पिस्तूल रात्रभर ठेवलें तर गंज धरतोच. चामडें अंगाला कमी टोंचतें, आवाज करीत नाहीं, पिस्तुलावर ओरखडे कमी उमटवितें आणि नीट राखलें तर अनेक वर्षें टिकतें. ज्याला तें हवें असेल त्यानें त्याची ही चाकरीही पत्करावी. आणि तोंड मिटूं लागलेलें, शिवण उसवलेलें, दुमडलें असतां तसेंच राहणारें म्यान जुन्या प्रेमानें वापरीत न बसतां टाकून द्यावें.

मृग नक्षत्रापूर्वीं कोंकणांतल्या घरांत आगोटीची लगबग असते. सुकीं लांकडें आंत येतात, कौलें परतलीं जातात, लोणचीं-पापड उन्हें खाऊन डब्यांत बसतात, छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात. ज्या घरीं पिस्तुलाचें म्यान असेल त्यांनीं या यादींत एक ओळ वाढवावी: रिकामें शस्त्र घेऊन म्यान उलटें धरून पाहावें, त्याचें तोंड उघडें राहतें कीं नाहीं तें पाहावें, पट्ट्याच्या कप्प्यांतलीं काडतुसें काढून पुसून निराळीं ठेवावींत. पावसाचे चार महिने सुरू होण्याआधीं अर्ध्या तासाचें हें काम आहे.